घरातल्या घरात हरवणारा प्रिंटर

प्रिंटर चार पावलांवर दिसतोय. दिवा लागलेला आहे, ट्रेमध्ये कागद आहे, शाईही आहे. आणि लॅपटॉप म्हणतो, 'प्रिंटर ऑफलाइन'. तेवढ्यात घरातलं कुणीतरी मोबाइलवरून त्याच प्रिंटरवर झक्क प्रिंट काढून दाखवतं. मग लॅपटॉप बंद करून चालू, राउटर बंद करून चालू, प्रिंटर बंद करून चालू असा नवस-सायासांचा कार्यक्रम सुरू होतो. कधी देव पावतो, कधी नाही. पावला तरी नेमका कशाने पावला ते कळत नाही, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

'याला कॉम्प्युटरमधलं कळतं' असा शिक्का एकदा बसला की नातेवाइकांचे प्रिंटरही आपल्याच वाट्याला येतात. माझ्या वाट्याला बरेच आले. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: वायरलेस प्रिंटरच्या बहुतेक तक्रारी शोधाशोधीच्या असतात, छपाई बिचारी ठीकच असते. एक तर संगणकाला प्रिंटर सापडलेलाच नसतो, नाहीतर तो जुन्या पत्त्यावर जाऊन कडी वाजवत बसलेला असतो. ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटरशी बोलायला शिकवणारा प्रोग्राम) काढून पुन्हा टाकण्यात रविवार घालवण्याआधी हा पत्त्याचा घोळ तपासावा.

यूएसबीच्या वायरने जोडलेल्या प्रिंटरला पत्ता लागत नाही. वायरच्या दुसऱ्या टोकाला तोच असतो, शोधायचं काय? वाय-फायवर तसा थेट धागा नसतो. लॅपटॉप राउटरशी बोलतो, प्रिंटर राउटरशी बोलतो, आणि राउटर एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवतो. म्हणजे वायरलेस प्रिंटर हा नेटवर्कवरचा एक छोटा संगणकच असतो; त्याला नाव असतं, पत्ता असतो, बहुतेकदा स्वतःचं छोटंसं वेब पानसुद्धा असतं. या सगळ्यात इंटरनेटचा संबंध फारसा येत नाही. बाहेरचं नेट बंद पडलं तरी राउटर चालू असेल तर घरातल्या घरात प्रिंट निघायला हवी. (शाई दरमहा वर्गणीवर घेतली असेल तर मात्र काही प्रिंटरांना अधूनमधून नेट लागतं.)

गंमत म्हणजे प्रिंटर नेटवर्कला नवा नाही, उलट नेटवर्कच थोडंफार प्रिंटरसाठी जन्माला आलं. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१ मध्ये लेझर प्रिंटर तयार केला. तिथले सगळे संगणक त्या प्रिंटरपर्यंत पोचावेत, ही १९७३ मध्ये बॉब मेटकाफ यांच्या डोक्यात इथरनेटची, म्हणजे संगणक वायरने एकमेकांना जोडण्याच्या पद्धतीची, कल्पना येण्यामागची एक मोठी गरज होती. तेव्हापासून अनेकांनी मिळून एक प्रिंटर वापरायचा हा खटाटोप चालूच आहे.

आता जोडणी. राउटर आणि प्रिंटर शेजारीशेजारी ठेवता येत असतील आणि प्रिंटरला नेटवर्क केबलचं भोक असेल, तर सरळ केबल लावा आणि पुढचे चार परिच्छेद सोडून द्या. प्रिंटर राउटरला वायरने जोडला तरी घरातले फोन आणि लॅपटॉप त्याच्यावर बिनवायरीच छापतात. इतका साधा उपाय असून लोक तो करत नाहीत, कारण खोक्यावर 'वायरलेस' लिहिलेलं असतं.

केबल शक्य नसेल तर प्रिंटरला वाय-फायचं नाव आणि पासवर्ड सांगायचा. प्रिंटरला पडदा असेल तर त्याच्या वायरलेस सेटिंगमध्ये जाऊन बाणांच्या बटणांनी एकेक अक्षर टाकायचं. कंटाळवाणं आहे, पण मला हीच पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते. पडदा नसेल तर कंपनीचं अॅप वापरावं लागतं. ते अॅप काय करतं हे माहीत असेल तर ते अडलं तरी गोंधळ होत नाही. नवा प्रिंटर आपलं स्वतःचं तात्पुरतं वाय-फाय सुरू करतो. अॅप फोनला घरच्या वाय-फायवरून काढून त्या तात्पुरत्या वाय-फायवर नेतं, प्रिंटरच्या कानात घरचा पासवर्ड सांगतं, आणि फोनला परत घरी आणतं. मधल्या क्षणी फोनच्या लक्षात येतं की या वाय-फायला इंटरनेट नाही. मग तो आगाऊपणा करून मोबाइल डेटावर उडी मारतो आणि अॅप 'प्रिंटर सापडला नाही' म्हणतं. म्हणून सेटअपपुरता मोबाइल डेटा बंद ठेवावा. अॅप लोकेशनची, जवळच्या उपकरणांची किंवा आयफोनवर स्थानिक नेटवर्कची परवानगी मागतं, तीही द्यावी. नाही म्हटलंत तर त्याला आजूबाजूचं काही दिसतच नाही.

तिसरी वाट डब्ल्यूपीएसच्या बटणाची. राउटरवरचं बटण दाबायचं आणि दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचं. पासवर्ड टाकायची कटकट नाही. पण याच डब्ल्यूपीएसचा आठ आकडी पिनवाला प्रकार मात्र राउटरमध्ये बंदच ठेवावा. २०११ च्या अखेरीस उघड झालं की राउटर तो पिन दोन तुकड्यांत तपासतो, आणि शेवटचा आकडा तर पहिल्या सातांवरून काढता येतो. त्यामुळे कोट्यवधी शक्यतांऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. बटणाला हा धोका नाही.

पासवर्ड बरोबर टाकूनही प्रिंटर जोडला जात नसेल, किंवा यादीत घरचं वाय-फाय दिसतच नसेल, तर दोन संशयित आहेत. पहिला म्हणजे बँड. राउटर दोन लहरींवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. प्रिंटरांमध्ये बरेच फक्त २.४ वाले असतात. ५ चा वेग प्रिंटरला नकोच असतो, आणि २.४ भिंतींमधून जास्त लांब पोचतो, म्हणून यात प्रिंटरचं नुकसान काही नाही. फक्त राउटरमध्ये २.४ चालू आहे ना, ते पाहावं. दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असताना काही प्रिंटर गांगरतात. तेव्हा सेटअपपुरती नावं वेगळी करावी. आणि हो, फोन ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी बिघडत नाही. राउटर एकच असेल तर दोघं एकाच नेटवर्कवर असतात. याबद्दल विनाकारण धास्ती घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

दुसरा संशयित म्हणजे सुरक्षेचा प्रकार. डब्ल्यूपीए३ हा वाय-फायच्या सुरक्षेचा नवा प्रकार २०१८ मध्ये आला. त्याआधीच्या प्रिंटरला त्याची भाषाच येत नाही. नवा राउटर बसवला, वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले, बाकी सगळं आपोआप जोडलं गेलं आणि प्रिंटर तेवढा रुसला, असं झालं तर इथेच पाहा. राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असा मिश्र पर्याय असतो. तो निवडला की काम होतं.

इथपर्यंत पोचलात की प्रिंटर घरात आला. आता त्याचा पत्ता, आणि या लेखाचं खरं प्रकरण हेच आहे.

नेटवर्कवर आलेल्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक आयपी पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.३७. पण हा पत्ता मालकीचा नसतो, भाड्याचा असतो. ठरावीक मुदतीसाठी मिळतो, आणि साधारण अर्धी मुदत उलटली की उपकरण 'अजून इथेच आहे बरं का' असं कळवून मुदत वाढवून घेतं. फोन आणि लॅपटॉप कायम ये-जा करतात, त्यांचा पत्ता बदलला तरी कुणाचं अडत नाही, कारण त्यांना शोधत कुणी येत नसतं. प्रिंटरचं उलट आहे. सगळे त्यालाच शोधत येतात. तो आठ दिवस बंद राहिला, मुदत संपली, राउटरने ३७ क्रमांकाची खोली पाहुण्याच्या फोनला देऊन टाकली, की चालू झाल्यावर प्रिंटरला मिळतो ४२. लॅपटॉपच्या वहीत मात्र ३७ च लिहिलेलं. तो ३७ वर जातो, तिथे कुणाचा तरी फोन, तो म्हणतो मला काय प्रिंट काढता येते? झालं, प्रिंटर ऑफलाइन.

मोबाइलवरून प्रिंट निघते ती यामुळेच. फोन वहीत पत्ता लिहून ठेवत नाही. दर वेळी नव्याने हाक मारून विचारतो की प्रिंटर कुठे आहे.

पत्ता पाहायची पद्धत सोपी आहे. प्रिंटरच्याच मेन्यूतून नेटवर्कचा अहवाल छापता येतो. पडदा नसलेल्या प्रिंटरवर एखादं बटण काही सेकंद दाबून धरलं की तो कागद बाहेर येतो, कुठलं बटण ते माहितीपुस्तिकेत असतं. कागदावर बारीक अक्षरांत पंचवीस-तीस ओळी असतात. त्यातल्या तीनच वाचायच्या. एक, वाय-फायचं नाव: ते तुमच्याच घरचं आहे का, नीट बघा. एका नातेवाइकांकडे तासभर झटल्यावर माझ्या लक्षात आलं की प्रिंटर त्यांच्या जुन्या राउटरला चिकटलेला होता. तो राउटर कपाटामागे अजून चालूच होता. दोन, आयपी पत्ता. तीन, मॅक पत्ता: दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या, मध्ये विसर्गासारखी चिन्हं. हा कारखान्यातून येतो आणि बदलत नाही.

आयपीच्या ओळीत पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तिथेच थांबा. हा राउटरने दिलेला पत्ताच नव्हे. राउटरकडून उत्तर न आल्यामुळे प्रिंटरने स्वतःच स्वतःला दिलेला तो आकडा आहे. म्हणजे प्रिंटर खरं तर दाराबाहेरच उभा आहे. अशा वेळी लॅपटॉपवर काहीही केलंत तरी उपयोग नाही, परत जोडणीकडे जा.

पत्ता ठीक असेल तर तो कायमचा करून टाकायचा. राउटरच्या सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये उघडा. त्याचा पत्ता बहुधा राउटरच्या तळाला चिकटवलेला असतो. डीएचसीपी (पत्ते वाटणारी यंत्रणा) किंवा लॅन (घरातलं नेटवर्क) या विभागात पत्ता राखून ठेवण्याचा पर्याय सापडेल, आरक्षण म्हणा ना. तिथे प्रिंटरचा मॅक पत्ता आणि हवा तो आयपी लिहायचा. यापुढे हा पत्ता राउटर दुसऱ्या कुणाला देणार नाही, प्रिंटर महिनाभर बंद राहिला तरी. दहा मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या अनुभवात घरातल्या प्रिंटरवर खर्च केलेली ही सगळ्यात सत्कारणी लागलेली दहा मिनिटं.

काही जण हाच पत्ता प्रिंटरच्या मेन्यूत हाताने टाकतात. चालतं, पण राउटरला त्याची खबर नसते. तो तोच आकडा दुसऱ्याला देऊ शकतो आणि एका खोलीत दोन भाडेकरू शिरतात. शिवाय उद्या राउटर बदलला आणि नव्याची मालिका १९२.१६८.०. ने सुरू होणारी निघाली, तर प्रिंटर जुन्याच गल्लीचा पत्ता सांगत बसतो. म्हणून आरक्षण राउटरमध्येच करावं.

आता हाक मारण्याबद्दल. फोन किंवा लॅपटॉप पहिल्यांदा प्रिंटर शोधतो तेव्हा तो नेटवर्कभर आरोळी देतो: 'इथे कुणी प्रिंटर आहे का?' ज्याला प्रिंटर म्हणवून घ्यायचं असतं तो उत्तर देतो. या पद्धतीचं अॅपलचं नाव बाँजूर, आणि तांत्रिक नाव एमडीएनएस. ही आरोळी मुद्दामच घरापुरती ठेवलेली आहे, ती राउटर ओलांडून दुसऱ्या नेटवर्कवर जात नाही. म्हणून पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर असलेल्या फोनला प्रिंटर दिसत नाही. तसं ते वाय-फाय बनवलेलंच असतं, तक्रार करायला जागा नाही. पाहुण्याला दोन पानं हवी असतील तर त्याच्याकडून फाइल मागवून घ्या, नाहीतर वाय-फाय डायरेक्ट वापरा. त्यात फोन मधल्या राउटरशिवाय थेट प्रिंटरशी जोडला जातो.

काही राउटरांत उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी 'आयसोलेशन' नावाची खूण असते. ती मुख्य वाय-फायवर चुकून लागलेली असेल तर सगळ्यांना इंटरनेट मिळतं पण कुणालाच प्रिंटर दिसत नाही. याहून जास्त वेळा दिसणारी भानगड म्हणजे दोन राउटर: नेटवाल्याने बसवलेला एक, आणि रेंज वाढावी म्हणून त्याला मागून जोडलेला आपला दुसरा. दोघंही पत्ते वाटतात, आणि घराचे नकळत दोन वाडे होतात. ओळखायचं कसं? लॅपटॉपचा आणि प्रिंटरचा आयपी शेजारी लिहून पाहा. पहिले तीन आकडे सारखे हवेत. एकाचा १९२.१६८.१. आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०. असेल तर दोघं वेगवेगळ्या वाड्यांत आहेत. दुसऱ्या राउटरला अॅक्सेस पॉइंटच्या मोडमध्ये टाकलं की तो पत्ते वाटणं थांबवतो आणि मधली भिंत पडते. कामाच्या लॅपटॉपवर कंपनीचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी खासगी वाट) चालू असतानाही असंच होतं. लॅपटॉप शरीराने घरात आणि मनाने ऑफिसात असतो, घरचा प्रिंटर त्याला ओळखेनासा होतो. छापताना व्हीपीएन बंद करा, तेवढी मुभा असेल तर.

फोनबद्दल फार लिहायला नको, कारण तिथे गोष्टी सुधारल्या आहेत. एअरप्रिंट ही आयफोनवरून थेट छापायची अॅपलची सोय २०१० मध्ये आयओएस ४.२ बरोबर आली. २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मोप्रिया ही संघटना काढली आणि तिचं तंत्र अँड्रॉइडमध्ये रुजलं. दोन्हींचा अर्थ एकच: प्रत्येक प्रिंटरसाठी वेगळा ड्रायव्हर नको. मॅकवरही एअरप्रिंटच चालतं. प्रिंटर विकत घेताना ही दोन नावं खोक्यावर आहेत का, एवढं पाहिलं तरी पुढचा बराच त्रास वाचतो.

विंडोज मात्र हट्टी आहे. ते प्रिंटर आपोआप शोधून जोडतं तेव्हा अनेकदा डब्ल्यूएसडी नावाच्या पोर्टवर (म्हणजे प्रिंटरकडे जायच्या वाटेवर) जोडतं. हा पोर्ट पत्त्याऐवजी स्वतःच्या शोधाशोधीवर अवलंबून असतो. प्रिंटर झोपेतून उठायला उशीर झाला की त्याचा अंदाज चुकतो आणि तो 'ऑफलाइन' जाहीर करून मोकळा होतो. आपण पत्ता राखून ठेवला आहे, तर त्याचा फायदा इथे घ्यायचा. 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये जाऊन नवा प्रिंटर हाताने जोडायचा पर्याय निवडा, त्यात आयपी पत्त्याने जोडण्याचा प्रकार घ्या, राखलेला आकडा टाका. जुना आणि त्याच्या 'कॉपी १'सारख्या नावांच्या सावल्या काढून टाका. तरीही खोटं 'ऑफलाइन' दिसलं तर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्टच्या सेटिंगला एसएनएमपी स्टेटस नावाची टिकमार्क असते, ती काढून बघा. विंडोज त्या वाटेने प्रिंटरची तब्येत विचारतं आणि उत्तर आलं नाही तर त्याला मेलेला समजतं. आणखी एक खोडी: डीफॉल्ट प्रिंटर विंडोज ठरवेल, ही सेटिंग चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट होतो, मग तो पीडीएफ बनवणारा नकली का असेना. बंद करा.

पान रांगेत अडकलं आणि रद्दही होत नाही, ही गोष्ट वेगळी. तिचा पत्त्याशी संबंध नाही. विंडोजमध्ये 'सर्व्हिसेस' उघडून प्रिंट स्पूलर ही छपाईची रांग सांभाळणारी सेवा थांबवा, विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरात प्रिंटर्स नावाचं फोल्डर आहे त्यातल्या फाइली पुसा (फोल्डर ठेवा), आणि सेवा पुन्हा सुरू करा. अडकलेल्या पानाबरोबर मागची रांगही पुसली जाते, म्हणून हवी ती पानं पुन्हा छापायला द्या. तीच आज्ञा वीस वेळा देऊन ठेवली असेल तर मात्र फाइली आधी पुसाच, नाहीतर वीस प्रती निघतील.

सुरक्षेचं थोडक्यात. प्रिंटरचा आयपी ब्राउझरमध्ये टाकला की त्याचं वेब पान उघडतं. तिथला प्रशासकाचा मूळ पासवर्ड बदला आणि फर्मवेअरचं (प्रिंटरच्या आतल्या प्रोग्रामचं) अपडेट घ्या. बाहेरगावाहून घरी प्रिंट काढता यावी म्हणून राउटरमध्ये प्रिंटरचा पोर्ट इंटरनेटसाठी उघडून ठेवू नका. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका हॅकरने असे ९१०० क्रमांकाचे पोर्ट उघडे असलेले प्रिंटर शोधून एका यूट्यूब चॅनेलच्या प्रचाराची पत्रकं त्यांच्यावर छापली. त्याच्याच म्हणण्यानुसार ५०,००० प्रिंटरांवर. त्यासाठी त्याला कुणाचा पासवर्ड फोडावा लागला नाही, दारं उघडीच होती. प्रिंटर कुणाला देऊन टाकताना फॅक्टरी रीसेट करा, कारण त्याच्या पोटात तुमच्या वाय-फायचा पासवर्ड असतो.

सगळं जुळलं की मी नेटवर्कच्या अहवालाचा तो कागद फेकत नाही. त्यावर राखलेल्या आयपीला पेनाने गोल करतो, तारीख टाकतो आणि प्रिंटरच्या तळाला सेलोटेपने चिकटवतो. पुढच्या वेळी फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'प्रिंटर उचल, खाली काय लिहिलंय ते वाच.'